फुकटचा अँटिव्हायरस निवडण्याआधी

नवा लॅपटॉप घरी येतो. मुलांचा अभ्यास, लाइट बिल, म्युच्युअल फंड, लग्नाचे फोटो असं सगळं त्यावर सुरू होतं आणि महिना-दोन महिन्यांत उजव्या कोपऱ्यात खालून एक चौकट वर येते : तुमचं संरक्षण संपत आलं आहे, आजच नूतनीकरण करा. चौकट लालभडक असते आणि ‘नंतर’ हे बटण इतकं पुसट की शोधावं लागतं. बहुतेक घरांत पुढे दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर घाबरून पैसे भरले जातात, नाहीतर ओळखीतला कुणी मुलगा एखादा ‘फ्री’ अँटिव्हायरस डाउनलोड करून देतो. त्या लॅपटॉपवर एक चांगला, पूर्णपणे फुकट अँटिव्हायरस आधीपासूनच आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. ती चौकट दाखवणाऱ्या चाचणी आवृत्तीमुळेच तो बाजूला बसलेला असतो.

लॅपटॉप विकणाऱ्या कंपन्या मॅकॅफी किंवा नॉर्टनसारख्या अँटिव्हायरसची ठरावीक मुदतीची आवृत्ती आत घालून देतात. विंडोजमध्ये सतत पहारा देणारा अँटिव्हायरस एका वेळी एकच चालावा अशी रचना आहे. बाहेरचा बसला की मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा डिफेंडर आपोआप थांबतो आणि बाहेरचा काढून टाकला की पुन्हा कामाला लागतो. त्यामुळे सेटिंग्जमधल्या ‘अ‍ॅप्स’च्या यादीत त्या चाचणी आवृत्तीचं नाव शोधा, ती अनइन्स्टॉल करा आणि संगणक रीस्टार्ट करा. मग स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ टाइप करून उघडा. तिथे ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’समोर हिरवी खूण दिसली की झालं. कधी कधी जुन्या अँटिव्हायरसचे अवशेष मागे राहतात आणि डिफेंडर उठत नाही. अशा वेळी त्याच कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळणारं काढून टाकण्याचं खास साधन वापरा, इतरत्र कुठून घेऊ नका.

‘डिफेंडर काही कामाचा नाही’ हे वाक्य अजूनही दुरुस्तीच्या दुकानांतून ऐकू येतं, आणि एके काळी त्यात तथ्य होतं. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये ‘सिक्युरिटी इसेन्शियल्स’ नावाचा फुकट अँटिव्हायरस दिला, २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर डिफेंडर विंडोजचाच भाग झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट या चाचणी संस्थेने सिक्युरिटी इसेन्शियल्सला प्रमाणपत्र नाकारलं होतं. पण ती गोष्ट आता जुनी झाली. गेली काही वर्षं त्याच संस्थेच्या चाचण्यांत डिफेंडरला संरक्षणासाठी सहापैकी सहा किंवा त्याच्या अगदी जवळचे गुण मिळत आले आहेत. विंडोज ११ असलेल्या, वेळच्या वेळी अपडेट होणाऱ्या घरगुती संगणकाला डिफेंडर पुरेसा आहे, हे माझं स्पष्ट मत आहे. दुसरा कुठला बसवायचा असेल तर त्यामागे नेमकं कारण हवं.

हे एवढ्या आग्रहाने सांगतो, कारण अँटिव्हायरस हे इतर सॉफ्टवेअरसारखं नाही. तो प्रत्येक फाइल उघडण्याआधी वाचतो, ब्राउझरमधून जाणाऱ्या पत्त्यांवर नजर ठेवतो आणि विंडोजच्या सगळ्यात आतल्या थरापर्यंत त्याला मुभा असते. ही मुभा किती खोल असते ते १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या कंपनीचं सुरक्षा सॉफ्टवेअर मोठ्या कार्यालयांत वापरलं जातं. त्याच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडच्या विमानतळांवरही त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. हल्ला कुणी केला नव्हता, सॉफ्टवेअर चोख कंपनीचं होतं, तरी हे झालं. इतका अधिकार आपण ज्याच्या हाती देतो त्याला पैसे कुठून मिळतात, हा प्रश्न फुकटच्या अँटिव्हायरसबाबत सगळ्यात आधी विचारायला हवा.

या प्रश्नाचं सगळ्यात धडधडीत उत्तर अवास्टच्या प्रकरणात मिळतं. प्रागमध्ये १९८८ साली सुरू झालेली ही चेक कंपनी, जगभर कोट्यवधी घरांत तिचा फुकट अँटिव्हायरस. जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी उघड केलं की वापरणाऱ्यांनी कोणकोणत्या संकेतस्थळांना भेटी दिल्या याची माहिती अवास्ट गोळा करत होती आणि जंपशॉट नावाच्या तिच्याच उपकंपनीमार्फत ती विकली जात होती. नावं काढून टाकली आहेत, असा कंपनीचा दावा होता. पण एखादा माणूस कोणत्या मिनिटाला कोणत्या पानावर होता याचा इतका बारीक तपशील हाती असेल, तर त्यावरून माणूस ओळखणं अवघड राहत नाही. जंपशॉट त्याच महिन्यात बंद झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकायला मनाई केली. ज्याला माग काढणाऱ्यांपासून वाचवण्यासाठी बसवलं तोच माग काढत होता, आणि यात आजारांबद्दल, धर्माबद्दल, पैशांच्या अडचणीबद्दल लोकांनी शोधलेली पानंही होती. मला या प्रकरणाचा आजही राग येतो.

नावं अनेक दिसली तरी मालक थोडे आहेत, हेही ध्यानात ठेवा. अवास्टने २०१६ मध्ये एव्हीजी विकत घेतली. नॉर्टनच्या कंपनीने पुढे जर्मनीची अव्हिरा घेतली आणि २०२२ मध्ये अवास्टही. या एकत्रित कंपनीचं नाव आता जेन डिजिटल आहे. म्हणजे ‘अवास्ट नको, एव्हीजी टाकतो’ म्हणणारा फक्त दुसऱ्या रंगाचा डबा उचलतो, आतलं इंजिन तेच असतं. मनाईच्या आदेशानंतर या उत्पादनांच्या गोपनीयता अटी बदलल्या आहेत आणि व्हायरस पकडण्यात ती कमी नाहीत. पण सततच्या जाहिराती, ‘तुमच्या संगणकात इतक्या समस्या सापडल्या’ असं सांगून पैसे मागणारे ‘क्लीनअप’चे पडदे आणि न मागता आलेले ब्राउझर हा त्यांच्या फुकट आवृत्त्यांचा त्रास आहेच. ज्या घरात वयस्कर माणूस एकटा संगणक वापरतो तिथे मी या आवृत्त्या बसवणार नाही. खरा इशारा कोणता आणि विक्रीचा कोणता, हे त्या माणसाला कळणं अवघड होतं.

वेगळा अँटिव्हायरस हवाच असेल तर माझी पहिली पसंती बिटडिफेंडरच्या फुकट आवृत्तीला. रुमानियातल्या या कंपनीचं इंजिन चाचण्यांत अनेक वर्षं वरच्या क्रमांकांत आहे आणि फुकट आवृत्ती तुलनेने गप्प बसते. मात्र ईमेल देऊन खातं उघडावं लागतं. शिवाय ही आवृत्ती कंपनीने २०२१ च्या शेवटी बंद केली आणि २०२२ मध्ये नव्याने आणली. फुकट दिलेली वस्तू कंपनी कधीही मागे घेऊ शकते, हे त्यातून दिसतं. कॅस्परस्कीचीही फुकट आवृत्ती आहे आणि तिची पकड उत्तम आहे. पण कंपनी रशियन असल्याने अमेरिकेने २०२४ मध्ये तिच्या विक्रीवर आणि अपडेटवर बंदी घातली. त्या सप्टेंबरमध्ये तिथल्या अनेक ग्राहकांनी संगणक उघडला तेव्हा कॅस्परस्कीच्या जागी अल्ट्राएव्ही नावाचं, त्यांनी स्वतः न निवडलेलं सॉफ्टवेअर बसलेलं होतं. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या माणसांपुढे त्यामुळे हा पर्यायच नाही. भारतात तशी बंदी नसली तरी डिफेंडर हाताशी असताना हा वाद घरात कशाला आणायचा?

मालवेअरबाइट्सबद्दल नेहमी गैरसमज होतो. त्याची फुकट आवृत्ती सतत पहारा देत नाही. सुरुवातीचे काही दिवस पैशांच्या आवृत्तीची चव देऊन ती नंतर फक्त आपण सांगू तेव्हा तपासणी करते. डिफेंडरच्या जागी नाही, पण शंका आली तेव्हा दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं तसं ते वापरायला चांगलं आहे. एकाच फाइलबद्दल शंका असेल तर व्हायरसटोटल हे गुगलच्या मालकीचं संकेतस्थळ आहे. तिथे फाइल चढवली की कितीतरी अँटिव्हायरस इंजिनांचं मत एकाच पानावर मिळतं. फक्त तिथे चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांपर्यंत पोहोचते, म्हणून आधार कार्ड, पॅन, बँकेचं स्टेटमेंट तिथे कधीही टाकू नका.

चाचण्यांचे निकाल स्वतः पाहायचे असतील तर माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्हज या दोन संस्थांची पानं उघडा. ‘टॉप टेन फ्री अँटिव्हायरस’ छाप व्हिडिओंखालच्या लिंकवर बनवणाऱ्याला बऱ्याचदा कमिशन मिळतं, त्यावर निर्णय सोडू नका. एकाच फेरीतला पहिला क्रमांक पाहू नका, चार-पाच फेऱ्यांत कोण टिकून आहे ते पाहा. पकडण्याच्या टक्केवारीतला अर्ध्या टक्क्याचा फरक घरगुती वापरात जाणवत नाही. चांगल्या फाइललाच व्हायरस म्हणण्याचं प्रमाण आणि संगणक मंदावण्याचं प्रमाण मात्र रोज जाणवतं. चार जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असलेल्या संगणकाला तर गतीची चाचणीच आधी लागू पडते. चाचण्यांनाही फसवायचा प्रयत्न होतो. २०१५ मध्ये चीनच्या किहू ३६० ने चाचणीसाठी बिटडिफेंडरचं इंजिन चालू असलेली आवृत्ती पाठवली आणि लोकांना दिलेल्या आवृत्तीत ते मुळात बंद होतं. हे उघड झाल्यावर तीन प्रमुख संस्थांनी तिची त्या वर्षाची प्रमाणपत्रं काढून घेतली.

पुण्याच्या क्विक हीलचं नाव मराठी घरांत लगेच निघतं, आणि निघायलाच हवं. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करत होते, धाकटे भाऊ संजय काटकर यांनी व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले, आणि नव्वदच्या दशकात त्यातून ही कंपनी उभी राहिली. क्विक हील हे विकत घ्यायचं उत्पादन आहे. दुकानदार समोर बसून बसवून देतो, अडचण आली तर मराठीत बोलणारं माणूस भेटतं. ज्याला याची गरज आहे त्याचे पैसे वाया जात नाहीत. फुकट हवं असेल तर केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २०१७ च्या फेब्रुवारीत सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर क्विक हील आणि ई-स्कॅनसारख्या भारतीय कंपन्यांची बॉट, म्हणजे दुसऱ्याच्या हुकमावर चालणारे घुसखोर प्रोग्रॅम, काढून टाकणारी साधनं मिळतात. ती तपासून साफ करण्यापुरती आहेत, त्यांना रोजचा पहारेकरी समजू नये.

आता डिफेंडरकडे परत येऊ, कारण तो नुसता असून भागत नाही, त्याची काही बटणं पाहावी लागतात. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या सेटिंग्जमध्ये रिअल-टाइम, क्लाउड आणि ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ ही तिन्ही चालू हवीत. शेवटचं नसेल तर घुसलेला प्रोग्रॅम गुपचूप डिफेंडरलाच झोपवू शकतो. ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ आहे. तिथे नको असलेली अ‍ॅप्स अडवण्याचा पर्याय चालू करा. फुकटच्या कन्व्हर्टरबरोबर येणारे टूलबार आणि ‘पीसी फास्ट’ करणारे उपद्रवी प्रोग्रॅम त्याने अडतात. रॅन्समवेअर म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम. त्यासाठीच्या ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’मधला ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ चालू केला तर अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समध्ये हात घालता येत नाही. मात्र कधी हिशेबाचं किंवा फोटोचं चांगलं सॉफ्टवेअरही त्यात अडकतं. मग त्याला यादीत परवानगी द्यावी लागते. हे सगळं खरंच जागं आहे का ते पाहायला आयकार या संस्थेने ठरवलेली एक चाचणी फाइल तिच्या संकेतस्थळावर मिळते. फक्त ६८ अक्षरांची, पूर्ण निरुपद्रवी. ती उतरवताच अँटिव्हायरसने ओरडायला हवं. गप्प राहिला तर काहीतरी बंद आहे.

आपल्याकडे घरच्या संगणकात घाण शिरायचा जुना आणि अजून वाहता रस्ता म्हणजे पेन ड्राइव्ह. मुलाचा प्रोजेक्ट किंवा फॉर्म छापायला आपण झेरॉक्सच्या दुकानात जातो, तिथल्या संगणकात दिवसभर शेकडो लोकांचे ड्राइव्ह लागलेले असतात. घरी येऊन पाहावं तर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले. चिन्ह फोल्डरचंच, फक्त कोपऱ्यात छोटा बाण आणि आकार एक-दोन केबी. घाबरून माणूस त्यावर दोनदा क्लिक करतो. फोल्डर उघडतो, म्हणून समाधानही होतं. पण त्याच क्लिकमध्ये लपलेली स्क्रिप्ट घरच्या संगणकात उतरलेली असते. अशा वेळी कशावरही क्लिक करू नका. ड्राइव्हच्या चिन्हावर उजवं बटण दाबून डिफेंडरने तपासणी करा. तो शॉर्टकट आणि स्क्रिप्ट काढेल, पण तुमच्या फाइली लगेच दिसतीलच असं नाही. त्या गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. फोल्डरच्या पर्यायांत लपवलेल्या फाइली दाखवा आणि ‘प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ लपवण्याची खूण काढा, म्हणजे त्या दिसतील. मग त्या संगणकात उतरवून घेऊन ड्राइव्ह फॉरमॅट करा. छपाईसाठी एक वेगळा, रिकामा ड्राइव्ह ठेवा, किंवा दुकानाच्या ईमेलवर पीडीएफ पाठवा. त्याच पर्यायांत फाइलींची शेपटं, म्हणजे एक्स्टेन्शन, दिसतील अशी व्यवस्था करा. ‘लाइट बिल पीडीएफ’ असं नाव असलेल्या फाइलीची शेपटी ईएक्सई आहे हे दिसलं तर कुणी तिला हात लावणार नाही.

दुसरा रस्ता ब्राउझरचा. एखादं संकेतस्थळ ‘अलाउ’ दाबा म्हणतं, आपण दाबतो, आणि दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यात ‘पाच व्हायरस सापडले’ अशा सूचना येऊ लागतात. तो व्हायरस नसतो, त्या संकेतस्थळाला दिलेली सूचनांची परवानगी असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ उघडून अनोळखी नावं काढली की त्या थांबतात. पूर्ण पडदा व्यापून, भोंगा वाजवत, ‘मायक्रोसॉफ्टच्या या नंबरवर फोन करा’ म्हणणारं पान आलं तर ऑल्ट आणि एफ-फोर दाबून ब्राउझर बंद करा. मायक्रोसॉफ्ट अशा इशाऱ्यात कधीही फोन नंबर देत नाही.

तिसरा रस्ता आपणच आपल्या हाताने उघडतो. क्रॅक केलेलं ऑफिस, क्रॅक केलेलं फोटोशॉप, विंडोज ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करणारा छोटा प्रोग्रॅम. यांच्याबरोबरच्या सूचनांत पहिली ओळ बहुधा हीच असते : आधी अँटिव्हायरस बंद करा. ती ओळ वाचली की तिथेच थांबा. मराठी टायपिंगसाठी कुठल्या कुठल्या संकेतस्थळांवरून सॉफ्टवेअर उतरवायचीही गरज उरलेली नाही. २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आहे. भाषेच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडली की तो मिळतो. ऑफिसच्या जागी लिबर ऑफिस कायदेशीर आणि फुकट आहे.

विंडोज जुनं असेल तर अँटिव्हायरस कोणताही घ्या, उपयोग मर्यादित. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर प्रोग्रॅम जगभर पसरला तेव्हा ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं त्यांच्या यंत्रांत त्याला त्या भोकातून शिरता आलं नाही. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव अपडेटची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे, तिची नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावर होते. डिफेंडरची व्हायरसओळख त्यानंतरही, २०२८ पर्यंत, येत राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. पण व्हायरसओळख आणि भोकं बुजवणं ही दोन वेगळी कामं आहेत. विंडोज ७ वर अजून बँकिंग करत असाल तर ते आजच थांबवा. तेच यंत्र लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकून पत्रं, ब्राउझर आणि चित्रपटांसाठी बरीच वर्षं वापरता येतं.

फोनवरून कुणी ‘एनीडेस्क’ हे दुरून संगणक चालवू देणारं अ‍ॅप उघडायला सांगितलं आणि आपण उघडलं, ओटीपी वाचून दाखवला, तर जगातला कुठलाही अँटिव्हायरस मध्ये पडत नाही, कारण त्याच्या लेखी ते काम तुम्हीच करत असता. पैसे गेले तर बँकेबरोबर १९३० या हेल्पलाइनवर तेवढ्याच तातडीने फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत अडवायचे तर उशीर चालत नाही. संगणकात काही शिरल्याचा संशय असेल तर आधी वायफाय बंद करा. मग डिफेंडरमधला ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवा. तो विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी तपासतो, त्यामुळे लपून बसलेल्यालाही जागा मिळत नाही. पासवर्ड बदलायचे ते त्या संगणकावरून नव्हे, फोनवरून, आणि पहिला ईमेलचा. फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर असू द्या आणि ती डिस्क प्रत काढून झाल्यावर लगेच उपसून कपाटात ठेवा, कारण लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर संगणकाबरोबरच कुलूपबंद करतं.